सिरिंजमध्ये नेमकं काय होतं? गुडघ्याच्या स्टेम सेल इंजेक्शनवरचे पेपर वाचताना

‘पेपर क्रिटिकली वाचा’ असं कोर्सवर्कमध्ये सगळेच सांगतात. म्हणजे नक्की काय करायचं, हे मात्र फारसं कुणी शेजारी बसून दाखवत नाही. आज एक विषय घेऊन तेच करूया. विषय आहे गुडघ्याच्या झिजेवर दिली जाणारी स्टेम सेलची, म्हणजे मूलपेशींची, इंजेक्शनं.

विषय निवडण्याचं कारण साधं आहे. इकडे चिपळुणात ‘ऑपरेशनशिवाय गुडघेदुखीवर इलाज’ अशा मजकुराचे मेसेज व्हॉट्सअॅपवर सारखे फिरत असतात, आणि घरात किंवा वाडीत कुणी सायन्समध्ये पीएचडी करत असेल तर ते फिरत फिरत शेवटी तिच्याकडे येतात. ‘तुझ्याच विषयातलं आहे ना गं हे? घेऊ का इंजेक्शन?’ असं एका काकूंनी विचारलं. (मी डॉक्टर होणार, पण ती दुसरीवाली, हे काकूंना अजून नीटसं पटलेलं नाही.) मेसेजमध्ये एका पेपरचा उल्लेख होता. मी शोधला. पेपर खरा निघाला. चांगला निघाला. आणि तरीही त्या मेसेजमध्ये जे विकायला ठेवलं होतं त्याचा त्या पेपरशी काही संबंध नव्हता.

हे कसं होतं ते समजलं, तर लिटरेचर रिव्ह्यूचं निम्मं काम समजलं.

आधी पेपर. ‘अमेरिकन जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये २०२३ साली आलेला हा तिसऱ्या टप्प्याचा भारतीय प्रयोग. बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स या कंपनीने स्टेमप्युसेल नावाचं पेशींचं उत्पादन तयार केलं, त्याची चाचणी भारतातल्या अनेक केंद्रांवर १४६ रुग्णांवर झाली. रँडमाइज्ड, डबल ब्लाइंड, प्लासिबोशी तुलना. त्याआधीच, २०२२ च्या ऑगस्टमध्ये, औषध महानियंत्रकांनी म्हणजे डीसीजीआयने या उत्पादनाला गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी मंजुरी दिली होती, आणि मुंबईच्या अल्केम लॅबोरेटरीजने ते ‘स्टेमवन’ या नावाने बाजारात आणलं. म्हणजे हे काही कोपऱ्यातल्या क्लिनिकचं प्रकरण नाही. भारतात या विषयावर इतक्या शिस्तीने झालेलं काम थोडं आहे, आणि ते आपल्याकडे झालंय याचं मला कौतुकच वाटतं.

आता तुम्ही पेपर उघडलात की अॅबस्ट्रॅक्ट, मग थेट निष्कर्ष, असं करू नका. मेथड्समध्ये जा आणि पहिला प्रश्न विचारा: सिरिंजमध्ये काय होतं?

या प्रयोगात होत्या निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतून काढलेल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या, एकापेक्षा जास्त दात्यांच्या एकत्र केलेल्या मेसेन्कायमल पेशी. प्रमाण अडीच कोटी. सोनोग्राफीत बघत एकच इंजेक्शन. आणि त्याच्या पाठोपाठ २० मिलिग्रॅम हायलुरोनिक अॅसिड, म्हणजे ज्याला आपल्याकडे ‘वंगणाचं इंजेक्शन’ म्हणतात ते.

काकूंच्या मेसेजमध्ये काय होतं? ‘तुमच्याच कंबरेच्या हाडातून स्टेम सेल काढून एका तासात गुडघ्यात.’ हा वेगळा प्रकार. यात अस्थिमज्जा ओढून घेतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि जो घट्ट भाग मिळतो तो टोचतात. पेपरात त्याला बोन मॅरो अॅस्पिरेट कॉन्सन्ट्रेट म्हणतात, थोडक्यात बीमॅक. अस्थिमज्जेतल्या केंद्रक असलेल्या पेशींपैकी मेसेन्कायमल पेशी किती असतात? पिटेंजर आणि सहकाऱ्यांच्या १९९९ च्या प्रसिद्ध पेपरनुसार ०.००१ ते ०.०१ टक्के. म्हणजे लाखात एक ते दहा. फिरवून घट्ट केलं तरी सिरिंजमध्ये बहुतांश इतरच पेशी जातात. प्रयोगशाळेत आठवडे घालवून पेशी वाढवायच्या त्या याचसाठी. फ्लास्कच्या तळाला चिकटलेल्या मूठभर पेशींचं पसरलेलं शेत व्हायला किती दिवस आणि किती मीडियम लागतो, हे ज्यांनी सेल कल्चर केलंय त्यांना सांगायला नको.

तिसरा प्रकार म्हणजे पीआरपी. स्वतःच्या रक्तातला प्लेटलेट्सचा अंश. त्यात मूलपेशींची थेरपी म्हणावी असं काही नाही, तरी जाहिरातीत तोही बऱ्याचदा याच पंगतीला बसलेला असतो. चौथा, पोटाच्या चरबीतून काढलेला पेशींचा गाळ. पाचवा, नाळेच्या ऊतीतल्या पेशी. या सगळ्यांना बाजारात नाव एकच, ‘स्टेम सेल’. हापूस म्हणून पेटी घ्यावी आणि वरच्या थराखाली कुठलाही आंबा निघावा, हा अनुभव कोकणातल्या माणसाला नवा नाही. एका उत्पादनाचा पुरावा दुसऱ्या उत्पादनाला लागू होत नाही. पुरावा नावाला मिळत नाही. तो विशिष्ट पेशींना, विशिष्ट मात्रेला, विशिष्ट रुग्णांना मिळतो.

नावाचा घोळ खुद्द शास्त्रज्ञांनाही सुटलेला नाही. ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव १९९१ मध्ये अर्नोल्ड कॅप्लन यांनी रूढ केलं. त्याच कॅप्लन यांनी २०१७ मध्ये लेख लिहून सांगितलं, की हे नाव बदला. कारण शरीरात टोचल्यावर या पेशी नवी ऊती बनवतात असं दिसत नाही. त्या वेगवेगळे रेणू सोडून आजूबाजूच्या पेशींना संदेश देतात, सूज कमी करतात, आणि स्वतः फार काळ टिकत नाहीत. त्यांनी सुचवलेलं नाव होतं ‘मेडिसिनल सिग्नलिंग सेल्स’. आद्याक्षरं तीच राहतात, त्यामुळे कुणाच्या थीसिसचं मुखपृष्ठ बदलावं लागत नाही, हा माझा त्यावरचा आगाऊ शेरा. पण मुद्दा गंभीर आहे. ‘झिजलेली कूर्चा पुन्हा उगवते’ हे वाक्य जिथे दिसेल तिथे थांबा आणि विचारा, कशावर मोजलं?

स्टेमप्युसेलच्या पेपरने ते काळजीपूर्वक मांडलंय. त्यांनी एमआरआयचं टी-२ मॅपिंग वापरलं. यात कूर्चेतल्या पाण्याच्या आणि तंतूंच्या रचनेचा अंदाज येतो, जाडी वाढली असं नव्हे. त्यांचं निरीक्षण असं, की पेशी दिलेल्या गटात १२ महिन्यांत सांध्याच्या आतल्या बाजूची खोलवरची कूर्चा आणखी बिघडली नाही, आणि प्लासिबो गटात ती हळूहळू बिघडत गेली. ‘बिघडली नाही’ आणि ‘उगवली’ यात किती अंतर आहे ते तुम्हीच बघा. पेपर पहिलं म्हणतो. मेसेज दुसरं म्हणतो.

दुसरा प्रश्न: तुलना कुणाशी?

गुडघेदुखीत हा प्रश्न जीवघेणा महत्त्वाचा आहे, कारण गुडघेदुखीत प्लासिबो जबरदस्त चालतो. २००२ मध्ये ह्यूस्टनमध्ये मोझली यांच्या गटाने १८० रुग्णांवर केलेला प्रयोग प्रत्येक संशोधन विद्यार्थ्याने एकदा वाचावा. काहींच्या गुडघ्यात दुर्बिणीने साफसफाई केली, काहींना भूल देऊन फक्त त्वचेला छेद दिले आणि शस्त्रक्रियेचं नाटक केलं. पुढे दोन वर्षांत दोन्हीकडचा आराम सारखाच. २००८ मध्ये झांग आणि सहकाऱ्यांनी ऑस्टिओआर्थ्रायटिसचे १९८ प्रयोग एकत्र करून दाखवलं, की नुसत्या प्लासिबोनेही वेदना बऱ्यापैकी कमी होते, आणि गोळीपेक्षा सुईने दिलेला प्लासिबो जास्त काम करतो. सुई, तीही महागडी, तीही ‘मूलपेशीं’ची म्हटल्यावर अपेक्षा किती उंच जाणार याची कल्पना करा.

त्याखेरीज आणखी एक गोष्ट आहे, रिग्रेशन टू द मीन. इंग्रजी नावाला घाबरू नका, आपल्या शेतातलं उदाहरण घ्या. जुलैमध्ये लावणी. दिवसभर चिखलात वाकून, गुडघ्यांवर सगळा भार. श्रावणात गुडघा सुजतो, दुखणं असह्य होतं, आणि माणूस डॉक्टरकडे जातो ते नेमकं तेव्हाच. तेव्हा काहीही द्या, तेल, पट्टा, इंजेक्शन, दिवाळीपर्यंत बरं वाटणारच. कारण दुखणं शिखरावर असताना मोजमाप सुरू झालं. म्हणून ‘आमच्या शंभर रुग्णांपैकी ऐंशींना आराम पडला’ या वाक्याला तुलनेचा गट नसेल तर काहीही किंमत नाही. माझं मत थोडं कडक आहे: तुलनेचा गट नसलेली गुडघेदुखीची केस सीरीज तुमच्या रिव्ह्यूच्या तक्त्यात घेऊ नका. घेतलीच तर वेगळ्या तक्त्यात घ्या.

स्टेमप्युसेलच्या प्रयोगात तुलनेचा गट होता, आणि तो प्रामाणिक होता. त्यांनाही सुई टोचली, पेशींऐवजी साधं क्षारांचं द्रावण, आणि वर तेच हायलुरोनिक अॅसिड. म्हणजे हा प्रयोग ‘पेशी विरुद्ध काहीच नाही’ असा नाही; ‘वंगण अधिक पेशी विरुद्ध नुसतं वंगण’ असा आहे. इथे तुम्ही एक गोष्ट स्वतः शोधा. पेशींचं द्रावण गढूळ दिसतं, क्षारांचं पाण्यासारखं स्वच्छ. मग सिरिंज कोणी भरली, कशी झाकली, टोचणाऱ्याला कळत होतं का? ‘डबल ब्लाइंड’ हा शब्द शीर्षकात असतो. तो पाळला कसा, हे मेथड्समध्ये असतं.

आता आकडे. वोमॅक नावाच्या प्रश्नावलीच्या एकूण गुणांत प्लासिबोच्या तुलनेत ६ महिन्यांना साधारण २४ टक्के आणि १२ महिन्यांना साधारण ४६ टक्के सुधारणा, असं अॅबस्ट्रॅक्ट सांगतो. पी व्हॅल्यू ०.००१ पेक्षा कमी. फारच छान. पण टक्के कशाचे? ही बेसलाइनच्या तुलनेतली टक्केवारी आहे. टक्के दिसले की मूळ गुण शोधायचे, ही सवय लावून घ्या. वीसमधून दहा झाले तरी ५० टक्के आणि ऐंशीतून चाळीस झाले तरी ५० टक्केच. रुग्णाला जाणवेल इतका फरक किती गुणांचा, हा संख्याशास्त्राच्या पलीकडचा प्रश्न आहे आणि पी व्हॅल्यू त्याचं उत्तर देत नाही.

वोमॅकवर जरा रेंगाळते, कारण इथे आपला पुण्याशी संबंध येतो. वोमॅक ही कॅनडात तयार झालेली प्रश्नावली. २४ प्रश्न: ५ वेदनेचे, २ आखडण्याचे, १७ रोजच्या कामांचे. कामांमध्ये जिना चढणं-उतरणं आहे, बाथटबमध्ये शिरणं-निघणं आहे, गाडीत बसणं आहे, मोजे घालणं-काढणं आहे. आता ही यादी घेऊन इथल्या एखाद्या शेतकरी बाईकडे जा. बाथटब? मोजे? तिची अडचण वेगळीच आहे. उकिडवं बसून भांडी घासता येत नाहीत, जेवायला मांडी घालून बसता येत नाही, परशुरामाच्या देवळाच्या पायऱ्या उतरून गेलं की परत वर येणं जिवावर येतं. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसमध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने हे ओळखून वोमॅकची भारतीय वापरासाठीची आवृत्ती तयार केली आणि आपल्या प्रयोगांत वापरली. याच गटाने १९९६ पासून पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये घरोघर जाऊन संधिवाताच्या दुखण्यांची पाहणी केली होती. ४०९२ प्रौढांमध्ये सुमारे १८ टक्के लोकांना हाडा-सांध्यांचं दुखणं होतं. नवीन रेणू नाही, महागडं यंत्र नाही, पण मला विचाराल तर हे काम एखाद्या चकचकीत पेशींच्या पेपरइतकंच मोलाचं आहे. मोजपट्टीच जर चुकीची असेल तर पुढचं सगळं कशावर उभं राहणार? तेव्हा भारतीय प्रयोग वाचताना कोणती आवृत्ती, कोणत्या भाषेत, कोणी विचारून भरली, हे बघा.

पुढचा प्रश्न: प्रयोगात कोण होतं? एक्स-रेवरून गुडघ्याची झीज केल्ग्रेन-लॉरेन्स पद्धतीने शून्य ते चार अशा ग्रेडमध्ये मांडतात. स्टेमप्युसेलच्या प्रयोगात फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या ग्रेडचे रुग्ण घेतले होते. मी काकूंना एक्स-रेचा रिपोर्ट पाठवायला सांगितला. ग्रेड चार. हाडाला हाड लागलेलं. म्हणजे १४६ जणांत काकूंसारखं कुणी नव्हतंच! त्यांच्यासाठी हा पेपर चांगलं किंवा वाईट काहीच सांगत नाही, आणि ऑपरेशन ‘टाळण्या’ची जाहिरात तर नेमकी ज्यांना ऑपरेशन सांगितलंय त्यांच्यासाठीच असते. मी त्यांना एवढंच सांगितलं, की त्या पेपरात तुमच्यासारखा गुडघा नाही, आणि हा रिपोर्ट घेऊन आधी हाडांच्या डॉक्टरांना भेटा.

पहिल्या कसोट्या अशा मागे गेल्यावर याच उत्पादनाचा दुसऱ्या टप्प्याचा पेपर काढा, २०१६ चा, ‘आर्थ्रायटिस रिसर्च अँड थेरपी’मधला. ६० रुग्ण. चार मात्रा: अडीच, पाच, साडेसात आणि पंधरा कोटी पेशी, प्रत्येकी दहा जण, आणि प्लासिबोत वीस. सगळ्यात जास्त मात्रेत गुडघ्याची सूज आणि वेदना जास्त दिसली. आरामाचा कल दिसला तो सगळ्यात कमी मात्रेत, तोही संख्याशास्त्राच्या दृष्टीने प्लासिबोपेक्षा वेगळा ठरला नाही. एमआरआयमध्ये कूर्चेत फरक नाही. आता विचार करा. औषध वाढवलं तर परिणाम वाढायला हवा, असं आपण फार्माकॉलॉजीत शिकतो. इथे उलटं. दहा जणांच्या गटात असा कल निव्वळ योगायोगानेही दिसू शकतो. संशोधकांनी योग्य तेच केलं: त्या कलावर न थांबता तीच मात्रा घेऊन मोठा प्रयोग केला. तरी दुसऱ्या टप्प्यात न दिसलेला फरक तिसऱ्यात इतका ठसठशीत का दिसला, हा प्रश्न मला अजून मोकळा वाटतो. याचं उत्तर कंपनीशी संबंध नसलेल्या दुसऱ्या कुणी तोच प्रयोग पुन्हा केला तरच मिळेल. पेपरच्या लेखकांमध्ये कंपनीचे लोक आहेत, आणि ते लपवलेलं नाही. त्याने पेपर खोटा ठरत नाही. पुनरावृत्तीची गरज मात्र वाढते.

आणि आता तो पेपर, जो खरं तर काकूंच्या मेसेजला लागू होतो. ‘नेचर मेडिसिन’, २०२३. अटलांटाच्या एमरी विद्यापीठाच्या मॉट्नर आणि सहकाऱ्यांचा माइल्स नावाचा प्रयोग. ४७५ रुग्ण, चार गट: बीमॅक, चरबीतल्या पेशींचा अंश, नाळेच्या ऊतीतल्या पेशी, आणि चौथा गट नेहमीचं स्टेरॉइडचं इंजेक्शन. वर्षभराने वेदनेच्या मापात पेशींचा एकही गट स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही. ‘तुमच्याच हाडातून काढून एका तासात’ हा जो प्रकार आहे, त्याचा सरळ सामना इथे झालाय, आणि वर्षभरानंतर तो स्वस्त, जुन्या, साध्या इंजेक्शनच्या पुढे गेला नाही. जाहिरातीत हा पेपर का नसतो, हे सांगायला संशोधन पद्धती शिकावी लागत नाही.

तर मग हे दोन पेपर एकमेकांच्या विरोधात आहेत का? व्हायव्हात हा प्रश्न हमखास येतो. ‘अभ्यासांमध्ये एकवाक्यता नाही’ एवढं लिहून सुटू नका. पेशी वेगळ्या, मात्रा वेगळी, तुलनेचा गट वेगळा. एकाने वंगणाशी तुलना केली, दुसऱ्याने स्टेरॉइडशी. दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकतात. २०२५ मध्ये कॉक्रेनने २५ प्रयोग, १३४१ रुग्ण एकत्र तपासले आणि निष्कर्ष काढला: वेदना आणि हालचालीत किंचित सुधारणा असू शकते, पुराव्याची खात्री कमी. वर्तमानपत्रात याची बातमी ‘स्टेम सेल उपयुक्त’ अशीही करता येईल आणि ‘स्टेम सेल निरुपयोगी’ अशीही. पण ‘खात्री कमी’ हा कॉक्रेनचा ठरलेला तांत्रिक शब्द आहे. पुढच्या चांगल्या प्रयोगाने हे चित्र बदलू शकतं, एवढाच त्याचा अर्थ.

कायद्याचं थोडक्यात. २०१९ च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्सनुसार मूलपेशींपासून बनवलेलं उत्पादन नेहमीच ‘नवीन औषध’ मानलं जातं. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की रक्ताच्या आजारांसाठीचं मूलपेशी प्रत्यारोपण वगळता बाकी वापर मंजूर प्रयोगांतच व्हायला हवा. पुढे डीसीजीआयने मंजूर केलेली मोजकी उत्पादनं त्यानंतरची. प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. ‘आमच्याकडे ट्रायल चालू आहे, इतके हजार भरा’ असं कुणी म्हणत असेल, तर ते ट्रायल नव्हे. उलट ज्या ऑपरेशनला लोक घाबरतात त्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर ऑगस्ट २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. हे मात्र त्या मेसेजमध्ये कधीच नसतं.

सराव करायचा असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाची, म्हणजे सीटीआरआयची, साइट उघडा. जून २००९ पासून भारतातल्या औषधांच्या प्रयोगांना तिथे आधी नोंद करणं बंधनकारक आहे. शोधपेटीत ऑस्टिओआर्थ्रायटिस आणि स्टेम सेल टाका. एखादी जुनी नोंद निवडा आणि तिचा छापलेला पेपर शोधा. दोन्ही शेजारी ठेवून फक्त प्रायमरी आउटकमची ओळ जुळवून बघा: तेच माप आहे का, तोच कालावधी आहे का. मग रुग्णांची ठरवलेली आणि प्रत्यक्षातली संख्या. नोंद पहिला रुग्ण घेण्याआधीची आहे की नंतरची, हेही त्याच पानावर तारखेसकट दिसतं. आणि नोंद आहे पण पेपरच सापडत नाही, असंही होईल. तेही वहीत लिहून ठेवा.